डोळ्याला लावायचं पाणी

जरीपटका, नागपूर
१६ ऑक्टोबर १९७४

कांता,

शिंगाड्याचं पोतं पोचलं. तुझी वहिनी शेजारणीला सांगत होती, "नणंदेनं पाठवलं, फुकटात पडलं." मी चक्कीवर बसल्या बसल्या त्या फुकटचा हिशेब केला. एसटीच्या टपावर चढवताना आणि उतरवताना हमालांनी मुठी मुठी काढल्या. कंडक्टर भैय्याजीनं लेकरांसाठी टोपीभर घेतले, ते मीच आग्रहानं दिले, कारण गावच्या बातम्या त्याच्याकडूनच येतात. तळाशी पायलीभर चिखल निघाला. इथपर्यंत चालतं. पण मग भैय्याजी म्हणाला, "रुपरावजी, तुमच्या भाचीनं पोतं एका हातानं ढकललं. दुसरा हात डोळ्यावर होता. पदराखाली काहीतरी लाल दिसलं." म्हणजे पोतं फुकट नाही पडलं. त्यात तारीचा डोळा किती गेला, तेवढं तू सांग.

माझ्यापासून काही लपत नाही हे तुला ठाऊक आहे. बाप गेल्यावर मी गाव सोडलं तेव्हा माझ्याजवळ उकडलेल्या शिंगाड्यांची एक टोपली होती आणि हे दोन कान. सीताबर्डीवर बसायचो. गिऱ्हाईक 'नको' म्हणायचं, तर त्यातलं खरं नको कोणतं आणि 'भाव कमी कर' कोणतं, ते आवाजावरून कळायचं. त्या कानांवर आज स्वतःची चक्की उभी आहे. चक्कीच्या तोंडातला गहू संपत आला की मला न बघता कळतं. इथल्या सिंधी बाया त्यांच्या भाषेत माझ्या वजनकाट्याबद्दल कुजबुजतात, तेही कळतं, आणि मी त्यांच्याच भाषेत उत्तर देतो. तेव्हा भैय्याजीनं सांगितलं ते मी नीट ऐकलं आहे.

तो तुझी नक्कल मात्र झकास करतो. "दादाले म्हणा, सारं बरं हाये" असं नाकातून बोलून दाखवलं की चक्कीवरचे सगळे हसतात. मीही हसलो.

लवकर लिही, आणि खरं लिही.

तुझा दादा,
रुपराव


मोहगाव, पो. पारशिवनी
२३ ऑक्टोबर

दादा,

भैय्याजी कंडक्टर हाये का पेपर हाये? तारीचे डोळे आले होते. शिंगाड्याच्या दिवसात कोणाचे येत नाही? खालच्या पापणीच्या आत एक दाणा राहिला, राईएवढा. दुखत नाही. सकाळ-संध्याकाळ तलावाचं गार पाणी लावते, त्यानं तिले बरं वाटते.

यंदा सोसायटीनं आपल्या वाट्याले दिलेला तलावाचा पट्टा दाट आला. तारी दोन उलट्या मडक्यांच्या मधात बांबू बांधून त्याच्यावर बसते अन् दुपारपर्यंत दोन टोपल्या तोडून आणते. बाकीच्या पोरी एक. तोडीच्या पहिल्या दिवशी पाण्यात उतरायचा मान तिलेच दिला होता. पूर्ण गाव काठावर उभं होतं. तिनं आधी ओंजळ भरून दोन्ही डोळ्याले पाणी लावलं, मग पाय टाकला. तलावाले पाय लागायच्या आधी डोळा लागला पाहिजे, आपले सारे म्हातारे असंच करत आले. तिचा बाप असता तर त्याले भरून आलं असतं.

भंडाऱ्याकडून लोकं तिले पाहायले येणार हायेत. म्हणून सांगते, या दाण्याची गोष्ट तुझ्या चक्कीवर काढू नको. तिथून ती पिठासंगं भंडाऱ्यापर्यंत जाईल.

माझं म्हणशील तर सर्दी हाये, ते काही नवीन नाही. मी तर काठावरच असते, शिंगाडे उकडते.

कांता


जरीपटका
२९ ऑक्टोबर

कांता,

भैय्याजीबरोबर डोळ्यात घालायची ट्यूब पाठवतो आहे. काळजी सोड. चक्कीवर एक कंपाउंडर दळण आणतो, त्याला मी 'आपल्या ओळखीतल्या एका पोरीचं' म्हणून सांगितलं, नाव-गाव काही नाही. त्यानं ऐकून घ्यायच्या आधीच मी म्हटलं, "खुपऱ्या असतील." तो म्हणाला, "रुपरावजी, तुम्ही दवाखाना काढा." तेव्हा खुपऱ्याच आहेत असं समज. बोटावर घेऊन पापणीच्या आत लावायची. आधी डोळा धुवायचा.

तुझ्या सर्दीला वहिनीनं काढ्याची पुडी दिली आहे.

भंडाऱ्याचे लोक कसे आहेत? त्यांना बोलताना ऐकलं असतं तर मी एका चहात सांगितलं असतं.

रुपराव


मोहगाव
२ डिसेंबर

दादा,

ट्यूब संपली. रोज तलावाच्या पाण्यानं डोळा धुऊन लावली, तू सांगितलं तशी. दाणा राईएवढा होता तो आता तुतीएवढा झाला. लाल लाल लोंबते, अन् वरतून पांढरे ठिपके, जशी खसखस चिकटली. पदर लागला तरी रक्त येते.

भंडाऱ्याचे लोकं आले होते. मी तारीले उजेडाकडे पाठ करून बसवलं. तिनं खाली मान घालून चहा दिला. पोराची आई, कुसुमताई, बोलायले चांगली बाई. ती म्हणाली, "बाई, जरा वर पाह्य, तुझं तोंड तर दिसू दे." तारीनं वर पाहिलं अन् तिच्या डोळ्यातून रक्ताचा थेंब बशीत पडला.

कुसुमताईनं ती बशी स्वतः उचलली, बाहेर नेली, धुतली अन् पालथी घातली. जाताना मले म्हणाली, "डोळा दाखवा. मंग बोलू." तेव्हापासून तारी माझ्यासंगं बोलत नाही. मी तिले अंधारात बसवलं म्हणून.

इथं म्हणतात, घोड्याच्या केसानं बांधून ठेवा, आपोआप गळून पडते. तारी तयार हाये. मी कोणाले हात लावू देत नाही. तू ये. खरं लिही म्हणाला होता, तर हे खरं हाये.

कांता


जरीपटका
१५ डिसेंबर

कांता,

तारी बरी आहे. आता हे पुढचं सावकाश वाच.

त्या दिवशी तू पारशिवनीच्या स्टँडवर तिला माझ्या हवाली केलीस, तेव्हापासून ती गाडीत पदरानं डोळा धरून बसली होती. नागपूर आल्यावर म्हणाली, "मामा, डोळा काढून टाकतात का?" मी म्हटलं, "मला विचारशील तर दोन्ही ठेवतात." हसली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर अरुंधतीबाई म्हणून आहेत. बारीक चणीची बाई, आवाज असा की वॉर्डातले सगळे सरळ बसतात. त्यांनी तारीची पापणी उलटवली आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या तलावातली?"

मी म्हटलं, "पारशिवनीकडची."

"गुरं बसतात त्यात?"

"बसतात."

"शिंगाडा?"

"हो. बाई, तुम्ही जोतिष पण पाहता का?"

"नाही हो. भंडारा, चांदा, रायपूरकडून दरवर्षी येतात हे लोक. डोळ्यात थोड्यांच्या असतं, नाकात जास्त."

मग त्यांनी समजावलं ते तुला सांगतो. साचलेल्या पाण्यात एक जीव असतो, डोळ्यांना न दिसणारा. कोणी त्याला बुरशी म्हणतं, कोणी आणखी काही, पुस्तकांचंच अजून एकमत नाही. कातडीला कुठं बारीकसं खरचटलं असेल तर तिथून आत शिरतो आणि घर करतो. ते पांढरे ठिपके म्हणजे त्याच्या बीजाच्या पिशव्या. शिंगाड्याचा काटा लागलेल्या बोटानं डोळा चोळायचा आणि वरून तेच पाणी लावायचं, म्हणजे त्याला बोलावून पाट मांडून बसवल्यासारखं. माझ्या ट्यूबचा काही उपयोग नव्हता. उलट ती लावण्यासाठी डोळा दिवसातून आणखी एकदा धुतला गेला. हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

इंजेक्शन दिलं, कापलं आणि मूळ जाळलं, म्हणजे पुन्हा फुटू नये. पोरगी हलली नाही. मी दाराबाहेर होतो, मला फक्त अरुंधतीबाई ऐकू येत होत्या, "वर बघ. वर. शाब्बास." पट्टी सुटली तेव्हा तारीनं आधी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा, आणि म्हणाली, "मामा, तुमच्या कानावर केस हायेत." त्यावरून नजर शाबूत आहे असं मी धरतो.

तिनं बाईंना विचारलं, "हे दुसऱ्याले लागते का?" तशी पोरगी हुशार. त्या म्हणाल्या, "माणसाचं माणसाला नाही लागत. पाण्याचं माणसाला लागतं." हे वाक्य जसंच्या तसं कुसुमताईंना कळव.

आता मुख्य गोष्ट. तारीनं तलावात उतरायचं नाही. पुन्हा ते पाणी डोळ्याला लागलं तर पुन्हा उगवेल, आणि दर वेळी कापायला पापणी तेवढीच आहे. तेव्हा ती इथंच राहील. तिचा तोडीचा पट्टा दुसऱ्या कोणाला दे.

रुपराव


मोहगाव
२१ डिसेंबर

दादा,

वाचून जीव भांड्यात पडला. कुसुमताईले कळवलं.

पट्टा देत नाही. हंगामाच्या मधात सोडला तर पुढच्या साली सोसायटी आपलं नाव घेत नाही. मी मजुरीनं एक बाई लावली हाये. तारीएवढी झपाट्याची नाही, वयानं जास्त हाये, पण भरोशाची हाये. तिले काही द्यावं लागत नाही म्हणा ना, घरचीच.

तारीले म्हणा, आईनं अंधारात बसवलं ते चुकलं. मले लिहिता आलं असतं तिच्या नावानं, पण तूच सांग.

संक्रांतीले येते.

कांता


जरीपटका
१७ जानेवारी १९७५

कांता,

कोणाला न सांगता दुपारच्या गाडीनं निघून गेलीस. तीळगुळाचा डबा इथंच राहिला. वहिनी तुझ्यावर चिडली आहे आणि मी माझ्यावर, म्हणून तुला लिहितो.

दवाखान्यात तू अरुंधतीबाईंना नुसतं एवढंच म्हणालीस, "बाई, माह्या पोरीचा डोळा वाचवला तुम्ही." त्यांनी तारीच्या डोळ्यावरची बॅटरी बाजूला ठेवली आणि तुला विचारलं, "नाक कधीपासून बंद आहे?"

तू म्हणालीस, "सर्दी हाये."

मी म्हटलं, "बाई, तिचा आवाजच तसा आहे."

त्या म्हणाल्या, "लहानपणापासून?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. कांता, मी हो म्हणणार होतो. आणि मला आठवलं, मी तलावाच्या पलीकडे गुरं घेऊन असायचो, तू घरच्या काठावरून हाक मारायचीस, "दादा, जेवाले ये गा." पाण्यावरून ती हाक अशी सरळ यायची की म्हशीसुद्धा माना वळवायच्या. तो आवाज कुठं गेला हे मी कधी विचारलं नाही. यंदाची एक चुकली, नाहीतर दर भाऊबीजेला तुझ्या दारात बसून जेवत होतो. भैय्याजीची नक्कल ऐकून हसत होतो. ज्यांची भाषा मला कोणी शिकवली नाही त्या सिंधी बायांची कुजबुज मला कळते, आणि तुझं नाही कळलं.

मग तारीनं तुझा हात धरून बाईंपुढे केला. बोटं काळी, काट्यांनी टोचलेली, नखांत शेवाळ. ती म्हणाली, "मामा, मजुरीची बाई कोण हाये ते पाहा." तू हात ओढून घेतलास.

ती भरोशाची बाई मला भेटायची आहे. तिला घेऊन ये. नाकाच्या डॉक्टरांशी अरुंधतीबाई बोलल्या आहेत. तुझ्याही नाकात तेच आहे, तारीच्या डोळ्यात आलं तेच, फक्त कितीतरी आधीपासून वाढत असलेलं. आत उतरत घशापर्यंत गेलं तर श्वास कोंडतो. आता काढलं तर निघेल.

आणि तारी पेटी भरून बसली आहे. म्हणते, "आई पाण्यात असेल तर मी इथं सावलीत कशाले बसू? तिचं नाक जाते तर माहा डोळा जाऊ दे." माझं ऐकत नाही. मी रोज गाडीची काही ना काही सबब सांगून थांबवलं आहे, पण किती दिवस थांबवू? तू आली नाहीस तर ती तलावात उतरेल. ते तुझ्या हातात आहे, माझ्या नाही.

दादा


मोहगाव
२३ जानेवारी

दादा,

तिले रोक. मी येते. भैय्याजीच्याच गाडीनं.

सात-आठ वर्षं झाले. आधी एकाच बाजूनं बंद होतं, मग सकाळी रक्त यायले लागलं. मी त्या रक्तावर राख टाकून बुजवून टाकत होती. तारीचा बाप होता तेव्हा त्याले सांगणार होती, तो गेला. मग कोणाले सांगू? पोरीच्या डोळ्याले लोकं पाहतात, विधवेच्या नाकाले कोण पाहते? अन् तलावावर अशा आणखी दोघी हायेत, आम्ही एकमेकीले सांगत नाही, पण आवाजावरून ओळखतो. तू हसला म्हणून मले राग नाही. मले वाटे, बरं झालं, हसण्यात निभून गेलं.

राहिलेली तोड सिंधूताईनं घेतली, अर्ध्या वाट्यानं, तिच्या पट्ट्यालेच लागून हाये. तिले मी आधी उजेडात बसवून नाक-डोळे पाहून घेतलं. ती म्हणाली, "मले पाहायले आली का वं, सून करतं काय?" सोसायटीनं नाव ठेवलं. तारी काठावर भट्टी पाहील, शिंगाडे उकडेल, वाळवेल, फोडेल. ते पीठ तू दळ अन् तुझ्या सिंधी बायांले उपासाले वीक. आंघोळीले विहिरीचं पाणी. एवढं कबूल असेल तर दोघी मायलेकी तलावाच्या बाहेर.

नाक कापल्यावर गावात काय सांगायचं ते शोधून ठेव. तुले बोलणं येते.

कांता


जरीपटका
३ मार्च

कांता,

तुम्हा दोघींना गावी पोचवून आलो आणि चक्की आज पहिल्यांदा वेळेवर सुरू केली.

नाकाचं ऑपरेशन होऊन दवाखान्यातून तुझी सुटका झाली त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. मी स्टँडवर तिकिटाच्या रांगेत होतो. मागून कोणीतरी हाक मारली, "दादा, सुटे पैसे हायेत का?" मी वळलो नाही. वाटलं, कोणी दुसरीच बाई दुसऱ्याच दादाला बोलावते आहे. तू दोनदा हाक मारलीस. तिसऱ्यांदा तारीनं माझी बाही ओढली. तू मला बहिरा म्हणालीस, तेही साफ ऐकू आलं.

पण खरी मजा परवाच्या सोसायटीच्या मीटिंगची. मला वाटलं होतं दहा माणसं येतील, तर तलावाच्या बांधाची पूर्ण पार भरली होती. मी काही कागद नेला नव्हता. उभा राहिलो आणि बोललो. अरुंधतीबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं, पण त्यांच्या भाषेत नाही, आपल्या. म्हटलं, मान द्यायचा तर कपाळाला हात लावा, डोळ्यात पाणी कशाला? तलाव काय रागावणार आहे? गुरं खालच्या अंगाला उतरवा, माणसं वरच्या. ज्यांचं नाक बंद आहे त्यांनी लाजायचं नाही, माझी बहीण समोर बसली आहे, तिचा आवाज ऐका. आणि तू उठून बोललीस तेव्हा म्हातारे नत्थूजी रडले की नाही? मग मी म्हटलं, "कबूल असेल त्यांनी हात वर करा," आणि सगळ्या पारीवर हातच हात. बायकांचे आधी.

मी टोपलीवर शिंगाडे विकले, पीठ विकलं, पण इतकं जुनं वळण एका भाषणात मोडलेलं मी बघितलं नव्हतं. वहिनीला सांगितलं, माझे कान राहिले मागे, आता तोंड चाललं पुढे. मी बोललो आणि अख्खं गाव सुधारलं, हे तू तरी मान्य कर.

तारीचा डोळा कसा आहे ते कळव.

दादा


मोहगाव
११ मार्च

दादा,

तारीचा डोळा साफ हाये. अरुंधतीबाईनं सांगितल्यापरमाणं रोज पापणी उलटवून पाहते, नुसती गुलाबी. मले नाकानं वास यायले लागला, पहिला वास आला तो आपल्याच भट्टीच्या धुराचा. कुसुमताईचं पत्र आलं. पोराले घेऊन पुन्हा येते म्हणते, अन् यावेळी तारीले आंगणात बसवा म्हणते, उन्हात. तारी माझ्यासंगं बोलून राहिली, कधी कधी जास्तच.

मीटिंगची गोष्ट तू लय चांगली लिहिली. हात साऱ्यांनी वर केले, हे खरं हाये. नत्थूजी रडले, हेही खरं हाये. जनावरं दुसऱ्या दिवशी होती तिथंच बसली, ते काही मीटिंगले नव्हते. बायकांचं म्हणशील तर अर्ध्या डोळ्याले पाणी लावत नाही, अर्ध्या लावतात. काल सिंधूताई माझ्यासमोर उतरली अन् डोळ्याले पाणी लावलं. मी म्हटलं, "काहून वं, हात तर तूच पहिला वर केला होता?" ती म्हणाली, "तुह्या भावानं लावलं ते?"

मले वाटलं गंमत करते. मी तवा बायकांच्या घोळक्यात होती, म्हणून मग तारीले विचारलं, ती पारीवर उभी होती. तिनं सांगितलं. भाषण झालं, लोकं उठले, सेक्रेटरीनं तुले नारळ दिला. तू चपला काढल्या, पायऱ्या उतरला, नारळ काखेत धरून वाकला, अन् दोन्ही डोळ्याले तलावाचं पाणी लावलं.

कांता